भित्तिपत्रकावर लावण्याआधी: नसलेले बेट, बनवलेले गाव आणि दहा डोळ्यांचे अक्षर

बडोद्यातील एका मराठी वाचनालयाचे मासिक भित्तिपत्रक सजवणाऱ्या एका तरुण वाचक भगिनीने मला चार नोंदी पाठवल्या आहेत. इंटरनेटवर सापडलेल्या नवलाच्या गोष्टींचे एक सदर त्यांना सुरू करायचे आहे. पहिली नोंद गूगलच्या नकाशावर एके काळी असलेल्या पण समुद्रात नसलेल्या बेटाची आहे, दुसरी नकाशाकारांनी मनाने बनवलेल्या आणि पुढे खऱ्या झालेल्या गावाची, तिसरी दहा डोळ्यांच्या अक्षराची, आणि चौथी ‘नासाने संस्कृत ही संगणकासाठी सर्वांत योग्य भाषा असल्याचे जाहीर केले’ या बातमीची. त्यांचे प्रश्न दोन आहेत: यांतले खरे किती, आणि अशा गोष्टी आपल्या आपण शोधायच्या आणि पारखायच्या कशा. ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात माझी उमेदीची सारी वर्षे गेली, आणि वाचकाने विचारलेल्या गोष्टीचा मूळ कागद शोधून देणे हेच माझे रोजचे काम होते. त्यामुळे जरा सविस्तर उत्तर देते.

पहिल्या तीन नोंदी लावाव्यात, मात्र त्यांतल्या पहिल्या दोहोंचे मथळे बदलावेत. चौथी आहे त्या रूपात लावू नये. तिच्या मागे एक खरी आणि अधिक सुंदर गोष्ट दडलेली आहे, ती लावावी.

असे का म्हणते ते सांगते. एखादी गोष्ट दहा ठिकाणी वाचायला मिळाली म्हणजे तिला दहा साक्षीदार मिळाले असे होत नाही. बहुतेक वेळा एकाच साक्षीदाराचे बोलणे दहा जणांनी उतरवून घेतलेले असते. म्हणून ती किती जणांनी सांगितली हे मी मोजत नाही, ती प्रथम कोणत्या कागदावर आली एवढेच शोधते. हा शोध घेताना गोष्ट खोटी ठरली तरी हात रिकामे राहत नाहीत, कारण चूक कशी जन्मली आणि कोणाच्या हातून कोणाकडे गेली, हा वृत्तान्त पुष्कळदा मूळ नवलापेक्षाही वाचनीय निघतो.

तुमचे बेट घ्या. त्याचे नाव सँडी आयलंड. ऑस्ट्रेलिया आणि न्यू कॅलेडोनिया यांच्या मधल्या प्रवाळ समुद्रात सुमारे २४ किलोमीटर लांब आणि ५ किलोमीटर रुंद असे ते दाखवले जात असे. नोव्हेंबर २०१२ मध्ये ‘सदर्न सर्व्हेयर’ हे ऑस्ट्रेलियाचे संशोधन जहाज नेमके त्या जागेवरून गेले, तेव्हा तिथे जमीन तर नव्हतीच, पण समुद्राची खोलीही १,३०० मीटरांपेक्षा कमी भरली नाही. तुम्ही याला ‘गूगलची चूक’ असा मथळा दिला आहे आणि तिथेच गोष्ट अर्धी राहिली आहे. हे बेट प्रथम सांगितले ते १८७६ मध्ये ‘व्हेलॉसिटी’ या देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजाने. पुढे १९०८ मध्ये ब्रिटिश नौदलाच्या सागरी नकाशावर ते उमटले, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस जुने कागदी नकाशे संगणकात उतरवले गेले तेव्हा जगातील किनारपट्ट्यांच्या एका मोठ्या अंकीय संचात तेही उतरले. हाच संच पुढे अनेकांनी पायाभूत मानला. मधल्या काळात १९७९ मध्ये फ्रेंच जलसर्वेक्षण खात्याने आपल्या नकाशांतून ते वगळले होते, पण ही दुरुस्ती त्या अंकीय संचापर्यंत पोहोचली नाही. त्या खलाशांनी खोटे सांगितले असे समजण्याचेही कारण नाही. त्या भागात समुद्राखालच्या ज्वालामुखींतून निघालेल्या हलक्या, सच्छिद्र दगडांचे मैलोन्‌मैल पसरलेले थर पाण्यावर तरंगत जातात, आणि लांबून असा थर वाळूच्या बेटासारखा दिसला असावा, असे स्पष्टीकरण शास्त्रज्ञांनी पुढे मांडले. सव्वाशेहून अधिक वर्षे टिकलेली ही चूक आहे. गूगल तिच्या साखळीतली फक्त शेवटची कडी आहे.

गावाची गोष्ट याच्या अगदी उलट आहे, कारण तिथे खोटे जाणूनबुजून पेरले होते. १९३० च्या दशकात अमेरिकेतील जनरल ड्राफ्टिंग या नकाशा कंपनीचे ओटो जी. लिंडबर्ग आणि त्यांचे सहकारी अर्नेस्ट अल्पर्स यांनी आपल्या दोघांच्या नावांची आद्याक्षरे उलटसुलट करून ‘ॲग्लो’ हे नाव तयार केले आणि न्यूयॉर्क राज्यातील एका कच्च्या रस्त्याच्या फाट्यावर ते छापले. हेतू असा, की दुसऱ्या कंपनीने नकाशा चोरला तर हे नसलेले गाव त्यातही येईल आणि चोरी पकडता येईल. पुढे रँड मॅकनॅली या मोठ्या कंपनीच्या नकाशावर ॲग्लो दिसले. जनरल ड्राफ्टिंगने आक्षेप घेतला, तेव्हा उत्तर आले की त्या ठिकाणी खरोखरच ॲग्लो आहे. झाले होते असे, की त्या फाट्यावर कोणी एक दुकान घातले, पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या नकाशात त्या जागेचे नाव पाहिले, आणि दुकानाला ‘ॲग्लो जनरल स्टोअर’ हे नाव दिले. ज्याने चोर पकडायचा तोच पुरावा चोराच्या बाजूने उभा राहिला. दुकान पुढे बंद पडले, तरी नाव नकाशावर राहिले. गूगल मॅप्सवरून ते २०१४ मध्ये निघाले. ‘खरे झालेले गाव’ असे तुम्ही लिहिले आहे, त्याऐवजी ‘एका दुकानापुरते खरे झालेले गाव’ असे लिहा. तिथे वस्ती कधी झाली नाही.

आता हे गावाचे नाव तुम्ही मराठीत टंकित कराल, तेव्हा त्याच्या पहिल्याच अक्षराकडे पाहा. ‘ॲ’ हे अक्षर आपण शाळेपासून लिहीत आलो, पण संगणकांच्या जागतिक अक्षरसंचात, म्हणजे युनिकोडमध्ये, त्याला स्वतःची जागा मिळाली ती एप्रिल २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. त्याआधी कोणी ‘अ’ वर चंद्र चढवून काम भागवत असे, तर कोणी हिंदीच्या वळणाचे ‘ऍ’ वापरत असे. आणि तुमच्या तिसऱ्या नोंदीतले पुष्कळ डोळ्यांचे अक्षर युनिकोडमध्ये आले तेही नेमक्या याच ५.१ आवृत्तीत. पाचशे-सहाशे वर्षांपूर्वी एका लेखनिकाने एका शब्दापुरते चितारलेले अक्षर आणि कोट्यवधी मराठी माणसांना रोज लागणारे अक्षर एकाच दारातून, एकाच दिवशी आत आले, हे मला पहिल्यांदा उमगले तेव्हा कितीतरी वेळ मी तो तक्ता मिटला नव्हता. ही जोडगोळी तुमच्या भित्तिपत्रकावर अवश्य यावी, कारण ती दुसरीकडून उतरवलेली नसेल.

त्या अक्षराबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण त्यात माझी स्वतःची एक चूक गुंतलेली आहे. जुन्या स्लाव्ह भाषेतील स्तोत्रांच्या १४२९ च्या सुमाराच्या एका हस्तलिखितात ‘अनेक डोळ्यांचे देवदूत’ असे शब्द येतात, आणि तिथे लेखनिकाने ‘ओ’ हे गोल अक्षर डोळ्यांच्या घोसासारखे काढले आहे. येफिम कार्स्की या अभ्यासकाने १९२८ मध्ये त्याची नोंद केली, आणि त्या आधारावर पुढे ते युनिकोडमध्ये घेतले गेले. काही वर्षांपूर्वी मी एका हस्तलिखित मासिकासाठी त्यावर टिपण लिहिले, तेव्हा युनिकोडचा अधिकृत तक्ता समोर ठेवून ‘सात डोळ्यांचे अक्षर’ असे लिहिले. तक्त्यात सातच डोळे होते. २०२० मध्ये कोणी तरी मूळ हस्तलिखिताचे छायाचित्र नीट मोजले आणि डोळे दहा निघाले. सप्टेंबर २०२२ मध्ये युनिकोडच्या १५.० या आवृत्तीत तक्त्यातले चित्र सुधारण्यात आले, आणि मी माझ्या टिपणाखाली दुरुस्ती लिहिली. अधिकृत कागदाच्याही मागे त्याहून जुना कागद असतो आणि तो पाहिल्याशिवाय थांबू नये, हा नियम मी तेव्हापासून अधिक काटेकोरपणे पाळते. तुमच्या नोंदीत दहा हा आकडा बरोबर आहे. मात्र ते चित्र जुन्या फॉन्टमध्ये छापले तर खाली दहा आणि वर सात असे होईल, म्हणून छापण्याआधी डोळे मोजून घ्या.

आपल्याकडचे पोथीलेखकही चुकत आणि चूक झाकत. चुकलेल्या अक्षरावर हरताळाचा पिवळा लेप देऊन त्यावर पुन्हा लिहिण्याची रीत होती, आणि ‘हरताळ फासणे’ हा आपला वाक्प्रचार तिथूनच आला. बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिरात हस्तलिखितांचा मोठा संग्रह आहे. कधी एखादे जुने पान पाहण्याची संधी मिळाली, तर त्यावर पिवळा डाग दिसतो का ते पाहा. दहा डोळ्यांच्या अक्षराशेजारी ही एक ओळ शोभून दिसेल.

अक्षरांच्याच प्रांतातली एक पाचवी नोंद मी तुम्हाला सुचवते. जपानने १९७८ मध्ये संगणकासाठी आपल्या चित्राक्षरांचा प्रमाणसंच ठरवला आणि त्यात सहा हजारांहून अधिक अक्षरे घेतली. पुढे लक्षात आले की त्यांतल्या काही अक्षरांना ना अर्थ आहे ना उच्चार, आणि कोणत्याही कोशात ती सापडत नाहीत. जपानीत त्यांना ‘भूताक्षरे’ अशा अर्थाचे नाव पडले. १९९७ च्या आवृत्तीसाठी अभ्यासकांनी त्या काळातले मूळ कागद परत उपसले, तेव्हा एका अक्षराची कुळकथा हाती आली. एका गावाच्या नावात लागणारे दुर्मीळ अक्षर छापखान्यात नव्हते, म्हणून कोणी ‘डोंगर’ आणि ‘स्त्री’ ही दोन चिन्हे कात्रीने कापून एकाखाली एक चिकटवली होती. दोन कागदांच्या सांध्याची सावली छायाप्रतीत रेघेसारखी उमटली, आणि पुढच्या माणसाने ती रेघ अक्षराचाच भाग समजून उतरवली. चिकटवलेल्या कागदाच्या कडेची सावली आज जगभरच्या फोनमध्ये अक्षर म्हणून बसलेली आहे. एका अक्षराचा उगम मात्र त्या तपासातही निश्चित ठरला नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. मराठीतून शोध घेताना पहिली अडचण येते ती आपल्याच अक्षरांची. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. ‘आचार्यास’ दिलेला मान वेगळा आणि ‘आचाऱ्यास’ दिलेले पैसे वेगळे. हा अर्धा, पापणीसारखा दिसणारा ‘र’ मराठीला रोज लागतो. युनिकोडमध्ये तो मिळतो नुक्ता असलेल्या ‘ऱ’ पासून, आणि त्या ‘ऱ’ च्या शेरात लिहिले आहे की हे अक्षर द्राविड भाषांतील एका ध्वनीच्या लिप्यंतरासाठी आहे. त्याखेरीज साध्या ‘र’ ला न दिसणारे एक जोडचिन्ह लावूनही तो काढता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटू शकतात. म्हणून ‘ऱ्य’ किंवा ‘ॲ’ असलेला शब्द एका पद्धतीने सापडला नाही, तर दुसऱ्या पद्धतीने टंकित करून पाहा, किंवा तो शब्दच टाळून शेजारच्या शब्दावरून शोधा. युनिकोडच्या आधीच्या काळातील पुष्कळ मराठी पाने श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये घातलेली होती आणि त्यांचा मजकूर शोधयंत्रांना निरर्थक रोमन अक्षरांसारखा दिसतो. ‘मराठीत यावर काहीच नाही’ असे वाटण्याचे हेही एक कारण असते. भारतीय डिजिटल ग्रंथालयातून इंटरनेट आर्काइव्ह या ऑनलाइन संग्रहावर आलेल्या जुन्या मराठी पुस्तकांची नावे रोमन लिपीत आणि हवी तशी लिहिलेली आहेत. एकच नाव चार-पाच प्रकारच्या स्पेलिंगनी घालून पाहण्याचा कंटाळा केला नाही, तर तिथे एरवी डोळ्यांआड राहणारी पुस्तके हाती लागतात.

दुसरी सवय जुने पान पाहण्याची. इंटरनेट आर्काइव्हने १९९६ पासून संकेतस्थळांच्या प्रती साठवल्या आहेत आणि २००१ पासून त्या सर्वांना पाहता येतात. एखादी गोष्ट प्रथम कधी दिसली हे तिथे कळते. विकिपीडियावर प्रत्येक लेखाला ‘इतिहास’ हा भाग असतो. ज्या वाक्यावर तुमचा लेख उभा आहे ते वाक्य कोणत्या दिवशी घातले गेले हे तिथे पाहावे. २००८ मध्ये अमेरिकेतील एका विद्यार्थ्याने कोआटी या दक्षिण अमेरिकी प्राण्याच्या लेखात ‘याला ब्राझिलियन आर्डवार्क असेही म्हणतात’ असे मनाचे वाक्य घातले. ते सहा वर्षे टिकले. त्या काळात काही वृत्तपत्रांनी तेच नाव वापरले, आणि मग त्या वृत्तपत्रांतील बातम्याच विकिपीडियावरील वाक्याचा आधार म्हणून दाखवल्या गेल्या. अशा वर्तुळात सापडलेली गोष्ट बाहेरून अगदी भक्कम दिसते. वाक्य घातल्याची तारीख आणि ‘आधार’ म्हणून दिलेल्या बातमीची तारीख शेजारी ठेवली, की कोण कोणाच्या मागून आले ते कळते.

तारखेवरून आणखी एक सूचना. इंटरनेटचे नियम ज्या अधिकृत मसुद्यांतून ठरतात, त्यांतले काही १ एप्रिलचे आहेत. कबुतरांच्या पायाला कागद बांधून संगणकीय संदेश पाठवण्याची पद्धत १ एप्रिल १९९० च्या मसुद्यात आहे, आणि ‘मी चहाची किटली आहे’ असे कळवणारा ४१८ हा संकेतांक १ एप्रिल १९९८ च्या मसुद्यात आहे. हे कागद खरे आहेत, पण थट्टेचे म्हणूनच लिहिलेले आहेत, हे वाचकाला सांगायला हवे. त्यातही कबुतरांची गोष्ट पुढे गेली: २००१ मध्ये नॉर्वेतील बर्गनच्या काही संगणकप्रेमींनी प्रत्यक्ष कबुतरे उडवून नऊ संदेश पाठवले, चारांची उत्तरे आली, आणि सर्वांत उशिराच्या उत्तराला पावणेदोन तास लागले.

आता चौथी नोंद. नासाने संस्कृतविषयी असे काही जाहीर केलेले नाही. या समजाचा पहिला कागद १९८५ चा आहे: रिक ब्रिग्ज या संशोधकाने ‘एआय मॅगझिन’ या नियतकालिकात लिहिलेला लेख. नासाच्या एम्स केंद्रातील एका संगणकविज्ञान संस्थेत ते काम करीत होते, एवढाच नासाचा संबंध. संस्कृतमध्ये संगणकाचे प्रोग्रॅम लिहावेत असेही त्या लेखात नाही. त्यांचा मुद्दा असा आहे, की वाक्याचा अर्थ संदिग्ध राहू नये म्हणून संस्कृत वैयाकरणांनी त्याची जी फोड केली, ती संगणकात ज्ञान साठवण्यासाठी त्या काळी आखल्या जाणाऱ्या जाळ्यांशी मिळतीजुळती आहे. ‘मैत्र मैत्रीपोटी देवदत्तासाठी अग्नीवर भांड्यात भात शिजवतो’ अशा अर्थाचे वाक्य (मैत्र हे इथे माणसाचे नाव) घेऊन त्यांनी कर्ता, कर्म, करण, संप्रदान, अधिकरण ही नाती एकेक उलगडून दाखवली आहेत. त्यांनी आधार घेतला आहे तो नागेशभट्टांच्या ग्रंथाचा, आणि काशीत राहून व्याकरणावर लिहिणारे हे नागेशभट्ट महाराष्ट्रीय घराण्यातले, काळे आडनावाचे होते. शाळेत आपण विभक्ती आणि कारकार्थ म्हणून जे पाठ केले, ते कॅलिफोर्नियातील एका संशोधकाला यंत्राच्या भाषेचा विचार करताना उपयोगी वाटले, ही गोष्ट पूर्ण खरी आहे आणि तिला नासाच्या शिक्क्याची गरज नाही. भित्तिपत्रकावर हेच लिहा, आणि ते भाताचे वाक्य मधोमध मोठ्या अक्षरांत लावून प्रत्येक शब्दापासून त्याच्या कारकाकडे एकेक रेघ काढा. लहान मुलेही तिथे थांबतील.

शेवटची एक विनंती. तुमच्या चारही नोंदी दूरच्या आहेत. एक तरी आपल्या गावातली घ्या. कमाटीबागेतल्या संग्रहालयात निळ्या देवमाशाचा सत्तर फुटांहून लांब सांगाडा आहे. हा प्राणी १९४४ मध्ये मही नदीच्या मुखाशी वाहून आला होता. त्याबद्दल इंटरनेटवर जे आहे ते बहुतेक एकाच दोन ओळींचे पुनर्लेखन आहे. त्या वर्षीच्या वृत्तपत्रांचे बांधीव खंड एखाद्या जुन्या ग्रंथालयात पाहायला मिळाले, तर त्यांत देवमाशाची बातमी शोधायला हवी: तो कोणत्या दिवशी दिसला, हाडे कशी आणली, किती दिवस लागले. तुम्ही खंड काढून ठेवलेत तर मी येईन, आणि जानेवारीपासून पाने आपण दोघी मिळून चाळू.